कोमरात: अल्लाची प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं निवांत गाव

चंदनवेल (धागालेखिका)

रोमानिया आणि युक्रेनच्या मधल्या मोल्दोव्हाच्या दक्षिणेला, राजधानी किशिनाऊपासून साधारण १०० किलोमीटरवर कोमरात आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीचं गाव नगरपंचायतीवर समाधान मानतं. कोमरातला मात्र विधानसभा आहे, विद्यापीठ आहे, वेगळा झेंडा आहे आणि ‘बश्कान’ म्हणतात तो लोकांनी निवडून दिलेला प्रमुखही असतो. कारण ही गागाउझिया या स्वायत्त प्रदेशाची राजधानी.

गागाउझ लोकांची भाषा तुर्कीच्या इतकी जवळची की इस्तंबूलच्या माणसाने जरा कान दिला की कळते. धर्माने मात्र हे लोक पक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. गागाउझ भाषेतल्या प्रार्थनेत देव ‘अल्ला’च असतो, ईस्टरआधीच्या उपासाला ‘ओरुच’ म्हणतात, आणि सेंट जॉर्जच्या दिवशी कोकराचा ‘कुर्बान’ करून त्यावर पाद्रीबाबांचा आशीर्वादही घेतात. २०१४ च्या जनगणनेत मोल्दोव्हात त्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात होती. शिवाय युक्रेनच्या ओदेसा प्रांतात आणि बल्गेरियात काळ्या समुद्राकडे काही वस्त्या आहेत.

आम्ही रोमानियात, बुखारेस्टला राहतो. नवरोबांची त्याआधी इस्तंबूलला नोकरी होती, त्यामुळे तुर्की बऱ्यापैकी येते आणि ती कुठे पाजळायला मिळेल याच्या शोधात ते सतत असतात. कोमरात त्यांच्या हट्टापायी. मी निव्वळ सोबतीला.

किशिनाऊच्या दक्षिण बसस्थानकावरून छोट्या बसगाड्या सुटतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं, मागे सूर्यफूल आणि द्राक्षांची शेतं. जसजसं दक्षिणेला जाल तसतशा टेकड्या बसत जातात आणि बुजाकचं कोरडं माळरान सुरू होतं. दोनेक तासांत कोमरात.

गावात बघायला काय आहे ते एका दमात सांगते. एकोणिसाव्या शतकातलं सेंट जॉन द बाप्टिस्टचं पिवळंधमक चर्च. सरकारी कचेरीसमोर लेनिनचा पुतळा, तोही लेनिनच्याच नावाच्या रस्त्यावर. तुर्की मदतीतून उभं राहिलेलं अतातुर्क ग्रंथालय. एक छोटं स्थानिक संग्रहालय. १८९७ पासूनचा वाइनचा कारखाना. हे सगळं निवांत चालत पाहिलं तरी जेवणाच्या वेळेपर्यंत उरकतं. चर्चच्या आवारातून निघून लेनिनपाशी आणि तिथून अतातुर्कपाशी आपण चपला न झिजवता पोचतो, आणि या तिघांचं एकमेकांशी काही वाकडं आहे असं तिथल्या कुणाच्या बोलण्यात जाणवत नाही.

खरा वेळ गेला तो बाजारात. मेंढीच्या दुधाचं खारट चीज, ‘ब्रिंझा’, प्लास्टिकच्या बादल्यांत पाण्यात बुडवून ठेवलेलं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या एका आज्जीने सुरीच्या टोकावर तुकडा पुढे केला. नवरोबा तुर्कीत म्हणाले, "फार छान आहे." आज्जीने सुरी खाली ठेवली, शेजारणीला हाक मारली आणि दोघींनी मिळून उलटतपासणी घेतली. कुठले? हिंदुस्थानचे? मग तुर्की कशी? मुलं किती? एकच? का? चीज विकायचं राहिलंच बाजूला. मागची गिऱ्हाइकंही तक्रार न करता ऐकत उभी. निघताना मीठपाण्यात मुरवलेल्या कलिंगडाची एक फोड हातावर आली. पहिला घास विचित्र लागतो. दुसऱ्या घासाला लोणच्याची सवय असलेली जीभ जुळवून घेते.

मुक्काम जवळच्या एका खेड्यात एका कुटुंबाकडे होता. निळं फाटक, अंगणावर द्राक्षांचा मांडव, त्याखाली लांब टेबल. यजमानीणबाईंनी ‘किविर्मा’ केली ती मी शेजारी उभं राहून पाहिली. लाटणं आपल्या लाटण्याच्या दुपटीहून लांब आणि बोटाएवढं बारीक. त्यावर कणीक गुंडाळत गुंडाळत लाटतात, मग पोळी टेबलभर पसरून हातांच्या पाठीवर ताणतात, इतकी की खालच्या मेणकापडावरची फुलं दिसावीत. त्यावर ब्रिंझा भुरभुरायचा, पोळीची सैल वळकटी करायची, तळव्याएवढ्या खोल गोल ताटात मधोमध सुरुवात करून चकलीसारखी फिरवत न्यायची, वरून अंडं आणि आंबट साय ओतून भट्टीत. चुण्या पडल्या पाहिजेत, त्या चुण्यांतच साय मुरते. मी एक पोळी ताणली, ती फाटली. "खाताना कुणाला दिसतंय?" असं म्हणून बाईंनी तीच सगळ्यात आधी भट्टीत सरकवली.

टेबलावर घरची वाइन, तळघरातल्या पिपातून जगमध्ये भरून आणलेली. जग रिकामा दिसला की यजमान उठायचे. त्यांची मुलगी इस्तंबूलला एका घरी म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते, मुलगा मॉस्कोत बांधकामावर. जेवताना दोघांचेही व्हिडिओ कॉल आले आणि आम्हाला दोघांसमोर फिरवण्यात आलं. त्या गल्लीत बंद फाटकांची घरं बरीच दिसली. तिथे विचारलं की कुठे ना कुठे गेलेल्या माणसाचं नाव निघतं.

दुसऱ्या दिवशी बेशाल्माचं संग्रहालय पाहिलं. दिमित्री काराचोबान हे गागाउझ कवी आणि चित्रपटकार. त्यांनी १९६६ मध्ये आपल्या या गावात वस्तू जमवून ते उभं केलं. माग, सुताच्या चात्या, लोकरीचे गालिचे, हुंड्याच्या पेट्या, मेंढपाळाची घुंगरं. सोव्हिएत काळात, लिहिणं-शिकणं जवळपास सगळं रशियनमधून चाललेलं असताना, एका खेड्यात बसून कुणीतरी हे गोळा करत होतं. कोमरातला वेळ कमी असेल तर गाव सोडा, पण बेशाल्मा सोडू नका असं माझं मत.

प्रश्न असतील तर विचारा.

---

गुळांबा

मस्त लिहिलंय ताई, चुण्यांवर जीव अडकला. दोन प्रश्न. आम्ही दोघं शाकाहारी, अंडंही नाही. तिथे जगू का? आणि व्हिसाचं काय?

---

चंदनवेल

@गुळांबा, पाहुणचार म्हणजे मटण असं तिथलं समीकरण आहे. ‘काउर्मा’ हा त्यांचा मानाचा पदार्थ, मेंढीचं मांस स्वतःच्याच चरबीत तासन्‌तास शिजवलेलं. पण एक युक्ती सांगते. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास कडक असतात, त्यात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यामुळे ‘उपासाचं’ जेवण प्रत्येक स्वयंपाकिणीला येतं. "आम्ही शाकाहारी" म्हणालात तर कोंबडी पुढे येण्याची शक्यता आहे. "आमचा उपास आहे" म्हणालात तर बीन्सचा ठेचा, भाज्या भरलेल्या मिरच्या, कोबीचे पदार्थ, बटाटे, मामालिगा (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) असं पोटभर मिळतं. उपासात काही दिवशी मासे चालतात, तेवढं विचारून घ्या. रोमानियनमध्ये ‘दे पोस्त’, रशियनमध्ये ‘पोस्नी’ हे शब्द पाठ करा. किविर्मा मात्र अंड्याशिवाय मागून घ्यावी लागेल, आणि बाई नाराज होतील.

व्हिसा: भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा आहे. कुठली कागदपत्रं लागतात ते तुमच्याकडे युरोपचा व्हिसा किंवा निवासपरवाना आहे का यावरही ठरतं आणि नियम बदलत असतात. सरकारी संकेतस्थळच बघा, एजंटाच्या सांगण्यावर जाऊ नका.

---

तिरपागडा

माझा अनुभव वेगळा. किशिनाऊहून सकाळी गेलो, दुपारी परत. धूळ, ऊन, एक पिवळं चर्च, एक लेनिन. संग्रहालय बंद. बाकावर बसलेली माणसं. जेवायला पिझ्झा मिळाला. तुम्ही लिहिलंय ते खरं असेल, पण ते तुर्की येणाऱ्या नवऱ्यामुळे आणि कुणाच्या तरी घरी राहिल्यामुळे. सामान्य पर्यटकाने तिथे जाऊन काय करावं ते या लेखातून मला अजून कळलेलं नाही.

---

चंदनवेल

@तिरपागडा, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. सकाळी जाऊन दुपारी परत यायचं असेल तर जाऊच नये. किशिनाऊच्या वाइनच्या तळघरांत तो दिवस जास्त चांगला जाईल. कोमरात हे राहायचं गाव आहे. खेड्यांत घरगुती मुक्कामाची सोय हल्ली होते, आणि कोंगाझला (मोल्दोव्हातलं सगळ्यात मोठं खेडं, दहा-बारा हजार वस्ती) गागाउझ पद्धतीचं जेवण आणि मुक्काम असलेलं संकुलही आहे. भाषा येत नसेल त्यांनी तिथून सुरुवात करावी.

---

नाशिकचा_नाना

इतिहासाची थोडी भर घालतो. हे लोक मूळचे कुठले यावर पंडितांचं अजून एकमत नाही. एक मत असं की तेराव्या शतकात सेल्जुक सुलतान दुसरा कैकाऊस बायझंटाइनांच्या आश्रयाला आला, त्याच्याबरोबरचे तुर्क दोब्रुजात, म्हणजे आजच्या रोमानिया-बल्गेरियाच्या समुद्रकाठच्या पट्ट्यात वसले आणि पुढे ख्रिस्ती झाले. दुसरं मत त्याहून जुन्या, उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या ओघुझ, पेचेनेग, कुमान टोळ्यांकडे बोट दाखवतं. तिसरं म्हणतं की हे मूळचे बल्गेरियन किंवा ग्रीकच, भाषा तेवढी तुर्की झाली. प्रत्येक मताच्या मागे कुठलं ना कुठलं राष्ट्र उभं आहे, हे वेगळं सांगायला नको.

बुजाकमध्ये ते कसे आले हे मात्र स्पष्ट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला रशिया-तुर्कस्तान युद्धांच्या धामधुमीत बल्गेरियाच्या ईशान्येकडून गागाउझ आणि बल्गेरियन कुटुंबं डॅन्यूब ओलांडून उत्तरेला सरकली. १८१२ मध्ये बेसाराबिया, म्हणजे आजच्या मोल्दोव्हाचा बराचसा भाग आणि बुजाक, रशियाकडे गेला. तिथले नोगाई तातार आधीच हलवले गेले होते, जमीन ओस होती. रशियाने या ख्रिस्ती निर्वासितांना जमिनी आणि करात सवलती दिल्या. रशियाबद्दल तिथे जो जिव्हाळा आहे त्याचं एक मूळ इथे आहे. लेखात लेनिनचा उल्लेख आलाय, पण मूळ त्याच्या शंभर वर्षं आधीचं.

अवांतर: १९०६ च्या जानेवारीत कोमरातच्या शेतकऱ्यांनी बंड करून चक्क प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. टिकलं जेमतेम पाच-सहा दिवस.

---

रूळवेडा

ताई, बुखारेस्टहून किशिनाऊला रात्रीच्या गाडीने गेलात का? गेला असाल आणि त्यावर एक ओळही लिहिली नसेल तर निषेध.

---

चंदनवेल

हो, गाडीनेच. मी झोपले होते.

---

रूळवेडा

हरे राम. मग मीच सांगतो. रोमानियाचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, मोल्दोव्हाचे सोव्हिएत मापाचे, १५२० चे. सीमेवर उंगेनला गाडीचे डबे सुटे करतात, प्रवासी आत असतानाच एकेक डबा जॅकवर उचलतात, खालचे चाकांचे सांगाडे काढून दुसऱ्या मापाचे सरकवतात. दीड-दोन तासांचा खेळ. मधल्या काळात स्वच्छतागृहाला कुलूप, हे लक्षात ठेवून आधीच जाऊन यावं. खिडकीतून शेजारचा डबा अधांतरी दिसतो. लोक यासाठी खास तिकीट काढतात आणि आमच्या ताई झोपतात.

---

मृदगंध_सांगली

माझा भाचा किशिनाऊला मेडिकलला आहे, तिथे भारतीय मुलं भरपूर आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये ओदेसाकडून सीमा ओलांडून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पुढे रोमानियाच्या विमानांपर्यंत पोचवण्याच्या धावपळीत त्याचे मित्रही होते. तो म्हणतो, वर्गात एक गागाउझ मुलगी आहे, घरी आईशीसुद्धा रशियन बोलते. आजीशी तेवढं गागाउझ. ताई, तुम्हाला तसं दिसलं का?

---

चंदनवेल

अगदी तसंच. कागदोपत्री गागाउझियात तीन राजभाषा आहेत: गागाउझ, रोमानियन, रशियन. कचेऱ्यांच्या पाट्यांवर तिन्ही. पण कोमरातच्या रस्त्यावर कान दिलात तर रशियनच ऐकू येतं, शाळा मुख्यतः रशियन माध्यमाच्या, गागाउझ हा एक विषय. आमच्या यजमानांचा नातू आमच्या नवरोबांशी तुर्कीत बोलायला लाजत होता. गंमत म्हणजे त्याला कळत सगळं होतं, कारण घरात तुर्की मालिका लागतात.

लिपीचंही असंच. गागाउझियातल्याच चादिर-लुंगा गावात जन्मलेले मिहाइल चाकिर नावाचे पाद्री (१८६१-१९३८) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भाषेत धर्मग्रंथ छापायला घेतले. मग १९५७ मध्ये रशियनची सिरिलिक लिपी ठरली. १९९० च्या दशकात लॅटिन आली. म्हणजे आजीने एका लिपीत वाचलेलं नातवाला दुसऱ्या लिपीत शिकवतात, आणि मधल्या पिढीने बहुतेक रशियनच वाचलंय.

---

सडेतोड

एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. हेच ना ते लोक, ज्यांनी २०२४ च्या सार्वमतात युरोपीय संघात जाण्याविरुद्ध ९५ टक्के मतं टाकली? मुलं तुर्कस्तानात कमावतात, रस्ते-पाणी युरोपच्या पैशाने, आणि मत मॉस्कोला. याला भोळेपणा म्हणायचं की आणखी काही?

---

नाशिकचा_नाना

@सडेतोड, आकडा बरोबर आहे. देशभरात ५० टक्क्यांच्या किंचित वर होकार आणि गागाउझियात ९५ च्या आसपास नकार. २०१४ मध्येही त्यांनी स्वतःचं सार्वमत घेऊन रशियाच्या जकात संघाला ९८ टक्के कौल दिला होता. पण कारणं नुसत्या भोळेपणात नाहीत.

१९८९-९० मध्ये मोल्दोव्हात रोमानियन भाषेची आणि रोमानियात विलीन होण्याची लाट आली, तेव्हा या छोट्या समाजाला धास्ती वाटली की आपण एका मोठ्या देशात विरघळून जाऊ. ऑगस्ट १९९० मध्ये त्यांनी वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं. ऑक्टोबरात ते मोडून काढायला किशिनाऊहून हजारो स्वयंसेवक बसगाड्या भरून कोमरातकडे निघाले. सोव्हिएत सैन्य मध्ये पडल्यामुळे रक्तपात टळला. ट्रान्सनिस्त्रियात (मोल्दोव्हातून फुटलेला पूर्वेचा पट्टा) पुढे १९९२ ला युद्ध झालं, इथे झालं नाही. २३ डिसेंबर १९९४ ला स्वायत्ततेचा कायदा झाला. त्यात स्पष्ट लिहिलंय की मोल्दोव्हाचं स्वतंत्र राष्ट्र म्हणून स्थान बदललं तर गागाउझ जनतेला स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क राहील. तुर्कस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डेमिरेल यांचाही या तडजोडीला पाठिंबा होता.

नकाशात हा प्रदेश चार तुकड्यांत का दिसतो याचं उत्तरही तिथेच. ज्या गावांत गागाउझ निम्म्याहून जास्त ती आपोआप आत, बाकीच्यांनी १९९५ मध्ये मतदान करून ठरवलं. गावागावाने कौल दिल्यावर सलग रेषा कशी निघणार?

युक्रेन युद्धात कुणाची बाजू कशी आहे त्यावर माझं मत तुमच्यासारखंच असेल. पण लहान समाज शेजारच्या भावाला घाबरून लांबच्या मामाकडे बघतो, हे समजून घ्यायला हरकत नसावी.

---

सडेतोड

नाना, लांबचा मामा जेव्हा बश्कानच्या निवडणुकीत पैसे ओततो तेव्हा? २०२३ ला निवडून आलेल्या बश्कान बाई इव्हगेनिया गुत्सुल यांना ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षाच्या बेकायदा पैशाच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली. त्यावर काही?

---

नाशिकचा_नाना

त्यावर हेच की शिक्षा झाली, त्यांनी आरोप नाकारले, आणि दोन्ही बाजूंना आपापलं सिद्ध झाल्यासारखं वाटलं. युरोपवाद्यांना वाटलं मॉस्कोचा हात सापडला. कोमरातच्या बाकांवर वाटलं असणार, बघा, किशिनाऊ आपल्याला चिरडतंय. स्वायत्ततेचं भांडण त्याने मिटलेलं नाही.

---

चंदनवेल

राजकारणावर वेगळा धागा काढा हो, इथे किविर्मा करपतेय. एकच सांगते. यजमानांच्या ऐंशी ओलांडलेल्या आईशी बोलताना मी उगाच "जुने दिवस" विचारले. त्या १९४६-४७ च्या दुष्काळावर आल्या. पाऊस नव्हता आणि सरकारने होतं ते धान्यही वसुलीत नेलं. मोल्दोव्हात तेव्हा लाखाच्या वर माणसं गेली, आणि दक्षिणेला हाल जास्त. त्या म्हणाल्या, "आईने बिछान्याखाली मका लपवला होता, तोही झाडून नेला." म्हणजे सोव्हिएतांनी काय केलं ते या घराला पुस्तकातून कळायला नको. तरीही त्याच बाईंच्या खोलीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत विजयदिनाचं पदक लावलेलं होतं, नवऱ्याचं. दोन्ही एकाच भिंतीआड नांदतं. मला याची संगती लावता आली नाही, आणि त्यांना ती लावायची गरज वाटत नव्हती.

---

घोडनवरा

मी ६ मे ला चादिर-लुंगात होतो! ‘हेदेर्लेझ’, सेंट जॉर्जचा दिवस, मेंढ्या चरायला बाहेर काढायचा मुहूर्त. तिथे घोड्यांची मोठी पागा आहे, ऑर्लोव्ह जातीचे दुडक्या चालीचे घोडे. त्या दिवशी शर्यती होतात. अख्खा तालुका लोटतो. चुलाणावर भलीमोठी कढई, लोकरीचे पोशाख, कुस्त्या, धुळीत घोडे. शेजारच्या काकांनी मला बळेच वाइन पाजली आणि कुठला घोडा जिंकणार ते सांगितलं. त्यांचा घोडा शेवटून दुसरा आला. वर्षाचं दुसरं टोक म्हणजे ८ नोव्हेंबर, ‘कासिम’, मेंढ्या परत आणायचा आणि मेंढपाळांचा हिशेब करायचा दिवस. तिरपागडा भाऊ, तुम्ही हेदेर्लेझला जा, मग बोलू.

---

तिरपागडा

घोडे असतील तर विचार करतो. खर्च किती? सुरक्षित आहे का? युक्रेनची सीमा अगदी लागून आहे ना?

---

चंदनवेल

सीमा जवळ आहे, चादिर-लुंगाला तर फारच. गावांत काही जाणवत नाही, पण जाण्याआधी विमानांची स्थिती आणि बातम्या बघून घ्या. बुखारेस्टच्या मानाने सगळंच स्वस्त. लेई (तिथलं चलन) रोख ठेवा, खेड्यांत कार्ड चालेलच असं नाही. संध्याकाळी परतीच्या बसगाड्या लवकर बंद होतात, शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्या चालकालाच विचारा. संग्रहालयाला आदल्या दिवशी फोन करवून घ्या, म्हणजे बंद फाटकाशी फोटो काढायची वेळ येणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, जानेवारीत वारा. मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, तेव्हा नवी वाइनही तयार असते. आणि रिकाम्या हाताने कुणाकडे जाऊ नका. आम्ही बाकरवडीचं पाकीट नेलं होतं, यजमानांनी ते वाइनबरोबर एका बैठकीत संपवलं.

---

गुळांबा

वाचनखूण साठवली. बाकरवडीची मोठी पाकिटं घेते. तुर्की येणारा नवरा भाड्याने मिळतो का?

---

चंदनवेल

मिळेल. पण मटणाचा हट्ट धरतो आणि गाडीत घोरतो.

---

रूळवेडा

घोरणाऱ्याला उंगेनला उठवायचं काम माझ्याकडे. तारीख कळवा.